मध्यस्थ पडदा

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मानवजातीच्या इतिहासातलं विजेचं युग संपणार होतं. पावणेअकराला वीज गेल्यामुळे ते पुढे ढकलावं लागलं.

पुण्यातल्या प्रकाशगणन प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात डॉ. वैजयंती खांबेटे स्टुलावर बसून होत्या. संगणकात प्रकाश निरोप्याचं काम कधीचाच करत होता. 'हो' की 'नाही' हे मात्र अजून वीजच ठरवायची. तो निर्णयही प्रकाशानंच घ्यावा म्हणून बाईंनी 'प्रकाशद्वार' रचलं होतं. एका किरणानं दुसऱ्याला अडवायचं, नाहीतर सोडायचं. अडचण एवढीच, की दोन किरण समोरासमोर आले तरी लग्नात भेटलेल्या अबोल्यातल्या भावांसारखे ओळख न देता पुढे जातात. त्यांना बोलतं करायला मध्ये एक पातळ पडदा लागतो. असे पडदे बनवण्यात बाईंची अठरा वर्षं गेली होती. त्यातला सगळ्यात चांगला पडदा दहातली सहा उत्तरं बरोबर द्यायचा. नाणं उडवलं तरी पाच येतात.

आज सरकारी समितीसमोर शेवटची चाचणी होती. फसली तर प्रकल्प बंद. बाई कोणाजवळ बोलल्या नव्हत्या, पण फसलीच तर बरं, असं त्यांना वाटत होतं. त्यांना झोपायचं होतं.

वीज आली तशा त्या आत गेल्या. यंत्राशेजारी संचालक धारप हात झटकत उभे होते.

"खंडेनवमी ना बाई! यंत्राची पूजा उरकून घेतली. अंधारातच."

"हळद कुठे लावलीत?"

"झाकणाला."

"झाकण मी काढून ठेवलंय, सर."

पडद्यावर मधोमध पिवळं बोट उमटलं होतं. पुसायला जावं तर पडदाच निघून येणार. दारात समितीचे अध्यक्ष तळवलकर चपला काढत होते. बाईंनी सुस्कारा सोडला आणि कळ दाबली.

निळा किरण हळदीवर पडला. पहिलं उत्तर बरोबर आलं. मग दहाच्या दहा. मग हजार, आणि एकही चूक नाही.

"कमाल केलीत, मॅडम! प्रकल्प आता कसला बंद होतोय?" तळवलकर म्हणाले. "असे शंभर पडदे द्या दिवाळीपर्यंत."

ते चहाला गेल्यावर बाईंनी विचारलं, "हळद कुठली होती, सर?"

"वाण्याकडची. सुटी."

म्हणजे तिच्यात हळदीशिवाय काय काय होतं, ते वाण्यालाही ठाऊक नसणार. किरणांना बोलतं केलं ते हळदीनं, की भेसळीनं? शोधायचं म्हणजे पुन्हा अठरा वर्षं.

"थोडी उरलीय का?"

"आहे की." धारपांनी पितळी वाटी पुढे केली. तळाशी जेमतेम चिमूटभर होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली.

"बाई," धारप संकोचून म्हणाले, "वाटी तेवढी धुऊन द्याल का? संध्याकाळी हिच्याकडे बायका यायच्यात हळदीकुंकवाला."