आम्ही जेवलो

माझ्या धाकट्या भावाला त्या घरातून मी बाहेर काढले; मांत्रिकाने नव्हे, डॉक्टरानेही नव्हे. माझ्या हाती शस्त्र म्हणावे तर एक सर्वनाम होते. हे प्रारंभीच सांगते, कारण ऐकणारे मधल्या भागातच घाबरून जातात आणि मग श्रेय भलत्यालाच देतात.

काम साधे होते. ज्या उपनगरात आम्ही भावंडे वाढलो, तिथले आईवडिलांचे घर विकायचे होते. वडील आधी गेले, आई जाऊनही बरीच वर्षे झाली. भाऊ नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. लहानपणी भिंतींवर रेघा ओढी म्हणून घरात त्याचे नाव रेघ्या पडले, आणि पुढे त्याच रेघांनी त्याचे पोट भरले. घर झाडून, वीज तोडून, किल्ली घेऊन परत यायचे, एवढ्यासाठी तो गेला आणि तिथेच राहिला.

भावजयीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. रेघ्या रोज फोनवर नीट बोलतो, प्रकृती उत्तम असल्याचे सांगतो, उद्या येतो म्हणतो आणि येत नाही, असे तिने सांगितले. मग तिचा आवाज खाली आला.

"ताई, काल मी विचारलं, जेवलात का. तर म्हणाले, आम्ही जेवलो."

"बरं, मग?"

"आम्ही म्हणजे कोण? तिथं हे एकटेच आहेत ना... आणि स्वतःला आम्ही म्हणवून घ्यायची ऐट यांच्यात कधीच नव्हती."

मी उभा जन्म व्याकरण शिकवले आहे. 'आपण' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला कवेत घेतो; 'आम्ही' म्हणताना त्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो. रेघ्याच्या त्या 'आम्ही'त त्याची बायको नव्हती. मग कोण होते? मी छत्री उचलली आणि निघाले.

पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. त्या उपनगरावर माझी किती माया आहे, हे मी कोणाला फारसे कळू दिलेले नाही. एका साच्यातून काढल्यासारखी बैठी घरे, प्रत्येकापुढे तेवढेच अंगण, तेवढेच फाटक. एकदा शाळेतून येताना मी चुकून शेजारच्या घरात शिरले, दप्तर टाकले आणि पाणी मागितले. तिथल्या काकूंनी पाणी दिले आणि, आता स्वतःच्या घरी जाऊन तिथलेही पी, असे बजावले. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलींच्या घंटा वाजत. दिवे लागले की घराघरांतून हाका येत. आमची आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणे, "चला, आपण आत जाऊ." ती स्वतः आतच असे, तरीही 'आपण' म्हणे. त्यावरून मी तिची चूक काढी आणि ती हसे.

आता निम्म्या घरांना कुलपे होती. भोंगा नव्हता, घंटा नव्हत्या. कोपऱ्यावरची पाण्याची टाकी मात्र अजून ठिबकत होती.

आमचे दार लोटलेलेच होते. आत कंदिलाचा पिवळा उजेड होता. ओल्या चुन्याचा वास, रॉकेलचा वास, आणि त्या दोहोंच्या खाली तिसरा एक: आई ज्या साबणाने हात धुई, त्याचा. तो साबण बाजारातून केव्हाच नाहीसा झाला आहे.

दाराशेजारच्या खुंटीला छत्री अडकवण्यासाठी माझा हात सवयीने वर गेला, आणि पोहोचेना. वास्तविक ती खुंटी माझ्या खांद्याशी येते. मी टाचा उंच केल्या. तरीही पोहोचेना. छत्री हातातच राहिली.

रेघ्या टेबलाशी बसला होता. केस पांढरे, चष्मा नाकावर, सगळे त्याचेच. पण त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तो ते हलवत होता. टेबलावर चार ताटे मांडलेली होती. तीन उष्टी. चौथे स्वच्छ.

"रेघ्या, ऊठ. बायको वाट पाहते आहे."

"थांब ना, ताई... आई वाढतेय."

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. घोगरा नाही, भेसूर नाही. तो आईचाच आवाज होता, आणि त्यात माझ्यासाठी राखून ठेवलेला लाडही होता.

"आलीस का गं? किती उशीर... बस. आता आपण इथेच राहू."

मी खुर्ची ओढली. बसणारही होते. पण खुर्चीची पाठ माझ्या हनुवटीला लागली आणि मी भानावर आले. छत्रीचे टोक मी फरशीवर आपटले.

"वाक्य चुकलं."

बाहेरचे ठिबकणे थांबले.

"गेलेल्यांचं आणि असलेल्यांचं 'आपण' होत नाही. सर्वनाम बदल आणि पुन्हा म्हण."

उत्तर आले नाही. शांततेचे प्रकार मला ठाऊक आहेत. उत्तर न येणाऱ्याची शांतता निराळी आणि येत असूनही न देणाऱ्याची निराळी. ही दुसरी होती. कंदिलाची ज्योत बारीक झाली. स्वयंपाकघराच्या दाराशी पावले आली, एकाहून अधिक माणसांची. पडद्याची खालची कड पुढे सरकली आणि तशीच राहिली.

"मला घाई नाही," मी म्हणाले. "मी निवृत्त आहे."

"ताई... ती रडेल..."

"रडू दे. चुकीचं वाक्य मी तसंच सोडणार नाही."

"आम्ही..." पडद्यामागून आले.

"पूर्ण वाक्य."

"आम्ही इथेच राहू."

आवाज आईचाच होता, पण दुरून आलेला, नीट उभे राहून म्हटल्यासारखा. मी शाबास म्हणाले.

धप्पकन रेघ्याचे पाय फरशीला टेकले. त्याने ताटांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"ताई? तू कधी आलीस?"

"आत्ताच. चल, आपण घरी जाऊ."

निघताना खुंटी माझ्या खांद्याशी होती. आम्ही रस्त्याच्या मधोमध चाललो. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला त्या दिवशीही माझी मान इतकी ताठ नव्हती. टाकी पुन्हा ठिबकू लागली होती, आणि रेघ्या एकेका फाटकाकडे बोट दाखवून कोण कुठे राही, कोणाची सायकल कशी वाजे, हे मोठमोठ्याने सांगत हसत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शहरातल्या भावाच्या घरी, आम्ही तिघे बसलो. पुन्हा आम्ही जेवलो म्हणालात तर खरोखरच उपाशी ठेवीन, असे भावजयीने त्याला ऐकवून झाले होते. घर विकून मोकळे व्हावे, असे तिचे मत होते. ते 'आपण' परक्याच्या लेकरांच्या कानी पडावे, हे मला पटेना. अखेर ठरले ते असे: घर विकायचे नाही. किल्ली माझ्याकडे राहील. अधूनमधून तिघांनी मिळून, दिवसाउजेडी जायचे, अंगणात बसून जुन्या गोष्टी काढायच्या आणि दिवे लागण्यापूर्वी परतायचे. भूतकाळात जाण्यास हरकत नाही. तिथे मुक्काम करायचा नाही.

"सर्वांना मान्य?" मी विचारले.

"मला मान्य," रेघ्या म्हणाला.

"मलाही," भावजय म्हणाली.

"आम्हालाही," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तिथे कोणी नव्हते. रेघ्याने माझ्याकडे पाहिले. वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.