दोनदा, थांबून एकदा

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. मी तिथे बसले होते.

भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं माझ्या धाकट्या बहिणीचं घर. तिचे यजमान जाऊन महिना झाला होता.

ती संगणकावर आवाज घडवायची. गजर, भोंगे, खेळांतले आवाज. शेजारच्या खोलीत ते आजारी. हाक मारायची ताकद उरली नव्हती, म्हणून पेल्यावर चमचा वाजवायचे.

दोनदा, थांबून एकदा.

हिच्या कानांवर हेडफोन. "तुमची बहीण कानांना कुलूप लावून बसते," ते मला हसत सांगायचे.

महिन्यापूर्वीच्या त्या दुपारी ती चहा घेऊन गेली, तेव्हा सगळं संपलं होतं.

चमचा जमिनीवर पडलेला...

त्यांनी बोलावलं होतं का? तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा तिच्या टेबलावरचा माइक चालू होता. पण रेकॉर्डिंग कोरं वाटत होतं. म्हणून तिने त्यावर चिन्हाचं सूत्र लावलं. एरवी मऊ स्वराचा करकरीत भोंगा करायला ती ते वापरायची. संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग; आकडा शून्याच्या वर असेल तर एक, खाली असेल तर उणे एक. मग कुजबुज आणि किंकाळी सारखीच मोठी. शून्याचं मात्र शून्यच राहतं.

"मुंगीच्या पावलाएवढं काही असलं ना ताई, तरी ओरडून सांगेल."

तिने स्पीकर लावून कळ दाबली.

पडद्यावर शून्यांच्या रांगा सरकू लागल्या. माइकची वायरच सैल होती, हे तेव्हा मला दिसलं; तिला नाही.

पंखा बंद. खाली कुणीतरी दार लावलं... मग तेही नाही.

आणि...

कर्र. कर्र.

थांबून... कर्र.

पडद्यावर शून्यच.

पुन्हा. पुन्हा. कितीतरी वेळ. मधलं थांबणं लांबत गेलं...

शेवटी दोनच वाजले. तिसरा आलाच नाही.

मी गारठून बहिणीकडे पाहिलं. ती शांतपणे आकडे बघत होती.

तिला याही वेळी ऐकू गेलं नव्हतं.

"बघितलंस? सगळी शून्यं," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलंच नव्हतं गं." आणि महिन्याभराचं साठलेलं रडली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हटलं, "नाहीच बोलावलं."

पुढे वीस वर्षं ती सुखाने झोपली. गेल्या वर्षी तीही गेली, म्हणून आज लिहितेय.

आता तिने त्यांनाच विचारलं असेल...