मागनं येणारी गाडी

रहिमतपूरच्या बाजारपेठेत शोएबचं औषधाचं दुकान आहे. दुपारी अडीचच्या सुमाराला, गिऱ्हाईक नसताना, ज्योतिबा तिथं गेला आणि खिशातून एक चपटं पाकीट काढून त्यानं काउंटरवर ठेवलं. पाकिटावर सगळं इंग्रजी. आत कातडीच्या रंगाच्या, रुपयापेक्षा लहान अशा चार गोल पट्ट्या.

"पल्लवीनं पाठवल्यात," तो म्हणाला. "बोटीवर उलटी हुऊ न्हाई म्हणून. काय लिवलंय, वाच की जरा."

पल्लवी त्याची लेक, पुण्यात नोकरीला. आईबापाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिनं दोघांसाठी मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीची चार दिवसांची सहल ठरवली होती. आता गंमत अशी, की चाळीस वर्षांत ज्योतिबानं बायकोला कधी साताऱ्याच्या पुढं नेलं नव्हतं. दोष सगळा बयाबाईच्या पोटाचा. गाडीनं दुसरं वळण घेतलं की हिच्या तोंडाला पदर. आणि नवरा कोण, तर वडापवाला! सातारा ते मेढा आणि तिथून वर घाटातल्या गावांना त्यानं बारा वर्षं जीप हाकली. एकेका खेपेला पंधरा-पंधरा माणसं कोंबली, पण स्वतःची बायको त्या जीपमध्ये एकदाही बसली नाही. गल्लीतली माणसं यावरून त्याची चेष्टा करत. ज्योतिबा त्यावर कधी हसला नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शोएबनं आतला कागद उलगडून वाचला.

"काका, नीट ऐका. एका येळंला एकच पट्टी. कानामागं, केस नसत्यात तिथं. बोटीत बसायच्या चार-पाच तास आधी लावायची, ती तीन दिस चालती. दुसरी लावायची झाली तर पयली काढून, दुसऱ्या कानामागं. कापायची न्हाई. लावली की साबणानं हात धुवायचं. तसाच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी हुती, नीट दिसंना हुतं. काकूंना काचबिंदू हाय का? लघवी तुंबायचा तरास?"

"तसलं काय न्हाई."

"तरी तुमच्या डॉक्टरला इचारा. वयस्कर माणसाला यानं कवा कवा भरमल्यागत हुतं. हे औषध धोतऱ्याच्या भावकीतलंच हाय. काय येगळं वाटलं की लगीच काढून टाकायची." पाकीट परत देताना त्यानं एक बोट वर केलं. "एकच, काका."

ज्योतिबानं मान डोलावली. डॉक्टरकडं जायचं राहूनच गेलं. फोनवर पल्लवीनंही तीनदा बजावलं, तेव्हाही तो व्हय व्हय म्हणाला.

पहिला दिवस फार सुखाचा गेला. रात्रीच्या रेल्वेनं सकाळी मुंबईत शिरतानाच त्यानं बायकोच्या डाव्या कानामागं पट्टी लावली होती. बयाबाईच्या तोंडाला कोरड पडली, थोडी झापड आली, पण पोटात एकदाही ढवळलं नाही. कठड्याला धरून ती समुद्राकडं बघत राहिली. दोन वेळा पोटभर जेवली. लहान पोरीसारखी वळून म्हणाली, "आवं, ही मीच हाय न्हवं?" ज्योतिबाचा जीव भरून आला. चाळीस वर्षांत हे आपण हिला का दिलं नाही, असं त्याला वाटलं, आणि त्याचं उत्तर ठाऊक असल्यामुळं तो दुसरीकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा वाढला. बोट संथपणे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलायला लागली. चहा आणायला म्हणून ज्योतिबा बाहेर पडला, तर खोल्यांमधल्या लांब बोळात एक तरुण बाई भिंतीला टेकून खाली बसली होती. कागदी पिशवीत तोंड घालून ओकत होती. तिची मान प्रत्येक उमाळ्याबरोबर हलत होती... ज्योतिबा चहा न घेताच मागं फिरला.

बयाबाई अंघोळ करून केस विंचरत होती. त्यानं पाकिटातली दुसरी पट्टी काढली.

"मान कर बघू हिकडं."

"आवं, एक हाय की!"

"आसू दे. घाटात गाडी हुबी केली तर एका चाकाला दगड लावून भागतंय व्हय? दोनी चाकांना लावत्यात."

बारा वर्षांची सवय ती. मागच्या दोन्ही चाकांना दगड लावल्याशिवाय त्यानं घाटात कधी जीप सोडली नव्हती. उजव्या कानामागं, अंबाड्याखाली झाकून जाईल अशी ती पट्टी त्यानं दाबून बसवली. तिथं केस होते, म्हणून अंगठ्यानं जरा जास्तच दाबली. मग कपाळाचा घाम पुसला, डावा डोळा चोळला. हात धुवायचे त्याच्या डोक्यातून पार गेले.

दुपारी तीनला तो डेकवरून परत आला, तेव्हा त्याचा डावा डोळा बिघडला होता. खिडकीतलं ऊन त्या डोळ्यात पांढरंफेक पसरायचं आणि त्या बाजूचं सगळं विरघळल्यासारखं दिसायचं. बयाबाई पलंगावर बसली होती. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले, आणि बोटांनी ती हवेतून काहीतरी वेचत होती. धागे वेचावेत तसं.

"वाईच सरकून बस गं," ती म्हणाली. "हे आलं."

"कुणाशी बोलतीयास?"

"ही न्हवं का... पोरगी." तिनं डाव्या बाजूच्या खुर्चीकडं बघितलं. "लय मळमळतंय बिचारीला."

ज्योतिबानं मान वळवली. खुर्ची त्याच्या बिघडलेल्या डोळ्याच्या बाजूला होती. तिथं उन्हाचा पांढरा लोळ होता, आणि त्यात काही होतं की नव्हतं, हे त्याला सांगता येईना.

"कोण न्हाई तिथं. पड तू."

"जांभळं लुगडं नेसलीया. एका पायात चप्पल न्हाई तिच्या." बयाबाईनं कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "तुमच्या गाडीत राहिली म्हणती."

बोटीचं यंत्र खाली कुठंतरी घरघरत होतं. खोलीत आंबूस वास सुटला. ओकारीचा, आणि ओल्या रेग्झिनचा.

"इचारती..." बयाबाईचा आवाज अगदी हळू झाला. "मागनं गाडी येतीया म्हणालावता न्हवं... कवा येणार?"

आता हे सांगायलाच हवं. सव्वीस वर्षांपूर्वी, भाद्रपदात, मेढ्याच्या वरच्या घाटात ज्योतिबाच्या जीपमध्ये एक पोरगी ओकायला लागली. एकटीच होती, जांभळ्या लुगड्यातली, माहेरी निघालेली. शेजारची माणसं ओरडायला लागली. ज्योतिबानं एका वळणावर जीप थांबवली आणि तिला उतरायला लावलं. "वारं लागू दे अंगाला. मागनं गाडी येतीया, तिच्यात बस," असं तो म्हणाला. मागून गाडी येणार नव्हती. आरटीओची तपासणी आहे अशी खबर लागल्यानं त्या दिवशी त्याची सोडून सगळ्या जीपा घरी उभ्या होत्या, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. संध्याकाळी जीप धुताना सीटखाली एक चप्पल सापडली. ती त्यानं दरीत भिरकावली. तिसऱ्या दिवशी मेढ्यात कुणीतरी बोललं की वळणाच्या खाली ओढ्यात एक बाई सापडली, धुक्यात पाय घसरला असावा. ज्योतिबानं ते ऐकलं, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि घरी गेला. दोन महिन्यांत त्यानं जीप विकली आणि बिऱ्हाड रहिमतपूरला हलवलं. पाठ दुखते, असं बायकोला सांगितलं. त्यातलं एक अक्षरही त्यानं आजवर कुणापुढं काढलं नव्हतं.

त्यानं फोन करून बोटीवरच्या डॉक्टरला बोलावलं. ती बेळगावकडची तरुण मुलगी निघाली. मराठी ऐकून त्याला धीर येण्याऐवजी भीतीच वाटली. तिनं बयाबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी बघितली आणि डाव्या कानामागची पट्टी सोलून काढली.

"काका, ही पट्टी कधी लावली?"

"काल सकाळी."

"एकच लावली ना? दुसरी कुठं नाही?"

इथं ज्योतिबाला खरं बोलायचं होतं. देवाशप्पथ, शब्द तोंडात आला होता. पण एवढं बजावूनही याला अक्कल नाही, असं ही पोर म्हणेल... पल्लवीला कळेल... शोएबला कळेल... गेली सव्वीस वर्षं ज्या वाटेनं त्याची जीभ गेली होती, त्याच वाटेनं ती आताही गेली.

"एकच," तो म्हणाला.

डॉक्टरनं कानामागची कातडी धुऊन काढली. "यानं भास होतात, काका. घाबरू नका. तासाभरात उतार पडला नाही, तर मला दुसरं काही आहे का ते बघावं लागेल, मेंदूचं वगैरे. यांना एकटं सोडू नका." एवढं सांगून ती गेली.

तास गेला. बयाबाईचं अंग तापलं. ती हसायची, मग घाबरून पदर ओढून घ्यायची, आणि मधूनमधून खुर्चीकडं तोंड करून हुंकार भरायची. साडेपाचला ती उठली आणि कठड्याच्या बाजूचं काचेचं दार ओढायला लागली. दाराबाहेर हातभर गॅलरी होती आणि तिच्याखाली समुद्र.

"कुटं निघालीस?" ज्योतिबानं तिला मिठीच मारली.

"सोडा... तिच्या संगं हुबी ऱ्हाती रस्त्यावर. एकटी किती येळ थांबंल ती?"

तिच्या अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. दार चारेक बोटं सरकलं आणि खारा वारा आत घुसला. ज्योतिबाला स्वतःची किळस आली. एका खोट्यानं एक बाई गेली, आता दुसऱ्या खोट्यानं ही जाणार, आणि दोन्ही वेळा आपण नुसतं पुढं बघत बसणार... बायकोला तसंच धरून तो खुर्चीकडं वळला, त्या पांढऱ्या उजेडाकडं.

"गाडी न्हवती, बाई," तो म्हणाला. "मागनं एक बी गाडी येणार न्हवती. मला ठावं हुतं. मी खोटं बोललो."

बयाबाई थांबली. खुर्चीकडं बघत राहिली. मग तिनं दाराची मूठ सोडली आणि ती खाली बसली. ज्योतिबानं तिच्या अंबाड्याखाली बोटं घातली, केसांसकट ती पट्टी उपटली, दाराला कडी घातली आणि फोन उचलला. डॉक्टर पळत आली. तिच्यापुढं त्यानं पट्टी धरली.

"दोन हुत्या, ताई. मी लपवलं. माझी चूक हाय."

डॉक्टर चिडली, आणि चिडायलाच हवं होतं. पण तिनं रात्रभर बयाबाईला आपल्या दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बयाबाईची नजर जागेवर आली. ज्योतिबाचा डोळाही निवळला. पाकिटातल्या उरलेल्या दोन पट्ट्या डॉक्टरनं मागून घेतल्या. बयाबाईला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. बोटीवरचा भात मोकळा होता, एवढंच ती सगळ्यांना सांगायची.

ज्योतिबाला मात्र घास गोड लागेना. घरी परतल्यावर वीस दिवस त्यानं तसेच काढले. मग एका सकाळी, बयाबाई सोप्यात शेंगा फोडत बसलेली असताना, तो तिच्यापुढं बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. वळण, चप्पल, ओढा, कानामागची दुसरी पट्टी. काही म्हणजे काही मागं ठेवलं नाही. बयाबाई मान खाली घालून ऐकत होती. शेंगा कुडकुड वाजत होत्या. दारात ऊन होतं आणि रस्त्यानं पोरं शाळेला चालली होती.

"मी मेढ्याला जातो," तो म्हणाला. "तिच्या माणसांस्नी गाठतो. पाया पडतो त्यांच्या. मग ते काय करायचं ते करू द्यात."

"कुणाचं घर म्हणून इचारणार?"

सव्वीस वर्षं ती बाई ज्योतिबाच्या मानेवर बसली होती, आणि तिचं नाव काय, हे त्यानं कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

"नाव न्हाई ठावं," तो म्हणाला.

"मला ठावं हाय."

तो दचकून पुढं सरकला. बयाबाईचे डोळे स्वच्छ होते, बाहुल्या लहान, उन्हात असाव्यात तशा.

"मग सांग की... बया, सांग."

बयाबाईनं मान हलवली.

"तुमास्नी त्येवढं सांगू नगंस म्हणाली."

"कवा?" ज्योतिबानं विचारलं. "कवा म्हणाली?"

"आत्ताच की. तुमी बोलत हुता तवा," बयाबाई म्हणाली आणि तिनं पुढची शेंग फोडली.