मल्हारपेठेवरच्या घिरट्या

मल्हारपेठेवर विमानाने विनाकारण तिसरी घिरटी घातली, तेव्हा डॉ. जयसिंग डुबलला दरदरून घाम फुटला. चार आसनांचं हे विमान त्याच्याच प्रयोगशाळेचं. आज पहिल्यांदाच तो घरच्यांना घेऊन कराडच्या धावपट्टीवरून उडाला होता. मागे बायको शैलजा, शेजारी वडील. भगवानआण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली. आता त्यांची आठवण विरत चालली होती आणि कधी कधी ते पोटच्या पोरालाही ‘साहेब’ म्हणत. सगळं पुसलं जाण्याआधी त्यांना आपला मुलूख वरून दाखवावा, एवढीच हौस.

“मुजावरबाई, मी परत फिर म्हणतोय आणि हे ऐकत नाही,” तो रेडिओवर म्हणाला.

जमिनीवरून त्याची सहकारी फरीदा मुजावर म्हणाली, “सर, मनोसुकाणू तुमच्याकडे नाहीच. ते दुसऱ्या आसनाकडे आहे.”

दुसऱ्या आसनावर आण्णा हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. “चहा झाला. चला,” ते स्वतःशीच म्हणाले. विमानाने घिरट्या सोडल्या आणि पाटणचा रस्ता धरला.

आण्णांच्या मनात ही चहाला थांबून निघालेली कराड-चिपळूण एसटी होती, हे जयसिंगच्या आत्ता ध्यानात आलं.

उडण्याचं काम यंत्रच करी. माणसाने फक्त कुठे जायचं ते मनात आणायचं. हेडफोनमधले संवेदक मेंदूच्या लहरींवरून प्रत्येकाचा ‘शांतमान’ मोजत आणि ज्याचं मन सगळ्यात शांत, त्याचा हुकूम यंत्र पाळी. घाबरलेला वैमानिक चुकतो, म्हणून ही सोय. चाचण्यांना नेहमी दोन वैमानिकच बसत. आज मात्र एकमेकांशी बोलता यावं म्हणून जयसिंगने तिघांनाही तेच हेडफोन घातले होते. शोध लावणाऱ्याचा दीडशहाणपणा, दुसरं काय.

“त्यांचा हेडफोन काढू?”

“नको. लहरी तुटल्या की वैमानिक बेशुद्ध पडला समजून ते मिळेल तिथे उतरेल. खाली डोंगर आहेत, सर.”

“आणि चिपळूणला पोचल्यावर?”

“ते गाडी लावतील तिथे उतरेल.”

म्हणजे भर गर्दीच्या एसटी स्थानकात.

“उपाय एकच,” मुजावरबाई म्हणाल्या. “तुम्ही त्यांच्यापेक्षा शांत व्हा.”

हे सांगायला सोपं होतं. तो जितका शांत व्हायला धडपडे, तितकं काळीज जोरात धडधडे. आपल्याच यंत्रापुढे त्याची मती गुंग झाली होती.

मागून शैलजा पुढे वाकली. “अहो, घाट बंद असला की एसटी काय करते?”

सुनेने सासऱ्यांच्या गोष्टी रोज ऐकल्या होत्या. मुलाला कधी वेळ झाला नव्हता. घाटात दरड पडली की फेरी रद्द होते, हे तिने मुजावरबाईंना सांगितलं आणि रेडिओवर त्यांचा आवाज आगारातल्या साहेबासारखा करडा उमटला, “चिपळूण गाडीचे चालक, लक्ष द्या. कुंभार्ली घाटात दरड कोसळली आहे. फेरी रद्द. गाडी कराड आगारात परत आणावी.”

आण्णांची मान ताठ झाली. “आणतो,” ते म्हणाले.

तो शब्द ऐकला आणि जयसिंगचे खांदे सैलावले. या माणसाने धुक्यात, पावसात गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. लहानपणी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या उबेला तो खुशाल झोपून जाई. आण्णा आहेत, पोचू आपण आगारात. त्याने डोळे मिटले. विमान अलगद वळलं, नदीकाठाने आलं आणि धावपट्टीवर टेकलं तेही कळलं नाही.

“वाचवलं आण्णांनी,” उतरल्यावर तो म्हणाला.

मुजावरबाईंनी आलेख पुढे केला. त्या स्वतःच गोंधळल्या होत्या. “पाटणपासून सुकाणू तुमच्याकडे होतं, सर. विमान तुम्ही वळवलंत, तुम्हीच उतरवलंत.”

“शक्य नाही. मी तर सगळं त्यांच्यावर सोडून दिलं होतं.”

“म्हणूनच शांत झालात. त्यांचा शांतमान दरडीचं ऐकलं तेव्हाच कोसळला. तिघांत सगळ्यात कमी.”

आण्णा आणि भीती, हे गणित त्याला सुटेना. ते विमानाच्या पायरीवर बसून तळहात पुसत होते. तो जवळ जाऊन उकिडवा बसला.

“आण्णा, घाबरला होतात?”

आण्णांनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“कुणाला बोलू नका, साहेब. एरवी मी दरडीला भीक घालत नाही. पण आज आमचा जयू गाडीत होता. निवांत झोपला होता पोरगा.”