उसाच्या चिपाडाचे डबे

देवू पहिल्यांदा आला तो तक्रार घेऊनच. श्रावण संपत आला होता, बोईसरच्या भिंतींना ओल चढली होती आणि मी सोसायटीच्या मागे खड्ड्यातला खताचा ढीग वरखाली करत होते. मी कचऱ्याचं खत करते हे कुठूनसं ऐकून तो भिजलेलं पोतं ओढत आला.

"मॅडम, यांची माती होते म्हनतात ना? चार महिने पुरून ठेवलेले. बघा."

पोत्यात उसाच्या चिपाडाचे जेवणाचे डबे होते, जसेच्या तसे. देवू समुद्रकाठच्या मुरबे गावचा. एमआयडीसीतल्या कामगारांना मासळी-भात द्यायचा आणि रिकामे डबे परत गोळा करायचा.

"सबंध पुरले तर कसे कुजतील? फाडायचे, भिजवायचे, सुक्या पानांत मिसळायचे."

"मग शिकवा."

"फुकट?"

"बोंबलाची भजी आनीन," तो म्हणाला... आणि खरंच पुढच्या रविवारी घेऊन आला.

मग दर रविवारी येत राहिला. एकदा मी म्हटलं, "आत हात घालून बघ." त्याने बिचकत घातला.

"गरम हाय. ताप आलाय याला."

"त्याला की तुला?"

तो हसला, पण हात काढला नाही. ढिगात माझाही हात होता—अगदी शेजारी.

सहा आठवड्यांनी डबे शोधूनही सापडेनात. पण पाऊस थांबेना, सुकी पानं संपली. डब्यांतल्या मासळीच्या काट्यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊ लागला. सोसायटीची सभा बसली. बाबा शेजारीच होते. घरात माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं.

"हा डबेवाला कोण?" सेक्रेटरींनी विचारलं. "उत्कर्षा, तुझ्या ओळखीचा?"

"नाही," मी म्हणाले. "बाहेरचा आहे. कधी टाकून जातो, कळत नाही."

मान वर केली तर देवू दारात उभा. खांद्यावर सुक्या पानांचं पोतं होतं. त्याने ते हळूच खाली ठेवलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीने खड्डा बुजवला. देवूने फोन उचलला नाही... एकदाही नाही. तिसऱ्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं.

 ते म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही बोललीस?"

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरींनाही खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुरब्याला गेले.

देवू किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. वर आभाळ राखेसारखं.

"डबे बंद केले," तो म्हणाला. "कंपनीच्या गेटवर सगले इचारायचे, घान टाकनारा तूच का. आता मामाच्या बोटीवर जातो."

"मी घाबरले, देवू. बाबा होते..."

"ठाव हाय."

"काल सेक्रेटरींना खरं सांगितलं. बाबांनाही."

"आता खड्डा तर बुजला."

"हो. पण मला तू आवडतोस. हे तेव्हाही खरं होतं. तुला मी... आवडायचे?"

सुई जाळ्यात तशीच राहिली.

"आवडतेस," तो म्हणाला. "म्हनून तर राग जात नाय."

वारा सुटला, वाळत घातलेले बोंबील दोरीवर हलले. त्याची आई ते काढायला धावली. मीही उठले, तिच्याबरोबर भराभर टोपलीत भरले.

निघताना मी त्याला म्हटलं, "पुढच्या रविवारी येऊ?"

तो खाडीकडे बघत राहिला. पाणी पार ओसरलं होतं, होड्या चिखलात कलंडल्या होत्या.

"बोट भरतीलाच आत येते," अखेर तो म्हणाला. "भरतीची वेल इचारून ये. उगाच उभी राहशील."