पाडव्यानंतरची भाऊबीज

“नाही, नाही, असं नाही… आधी कुंकू, मग अक्षता! हां… आता ही सुपारी अशी त्याच्या तोंडावरून ओवाळ…”

अर्धं मोडक्या इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी, निशिगंधा पिमला ओवाळायला शिकवत होती. पाटावर नीरज बसला होता. डोक्यावर रुमाल, नजर खाली. पिमच्या हातातलं ताट कललं तसा निशिगंधाने खालून आपला हात लावला… आणि ऐन दिवाळीच्या पाडव्याला, भाईंदरच्या त्या वन-रूम-किचनमध्ये, एक बाई आपल्याच नवऱ्याला दुसऱ्या बाईकडून ओवाळून घेऊ लागली! असा पाडवा वैरिणीच्याही वाट्याला येऊ नये हो.

“सिस्टर, यू आर सो गुड!” पिमने तिच्या गळ्यात हातच टाकला.

सिस्टर! हो, पिमला तसंच सांगितलं होतं. निशिगंधा म्हणजे नीरजची बहीण, नवऱ्याने टाकलेली, लेकीला घेऊन माहेरी राहणारी. आणि सात वर्षांच्या अनुष्काला बापानेच बजावलं होतं, “चार दिवस मला मामा म्हणायचं हं, बेटा. आपला खेळ आहे.”

हे सगळं रामायण घडलं एका जमिनीपायी. नीरज आचारी म्हणून फुकेतच्या हॉटेलात गेला आणि तिथल्या समुद्राकाठी नारळाच्या झाडांचा एक तुकडा पाहून वेडा झाला. दुसऱ्यांच्या चुलीपुढे किती दिवस घाम गाळायचा? आपलंच छोटंसं हॉटेल टाकू! पण थायलंडात परक्या माणसाच्या नावावर जमीन होत नाही. तिथल्या दलालाने वाट काढून दिली, की इथल्या एखादीशी कागदोपत्री लग्न लाव आणि जमीन तिच्या नावे घे. त्यासाठी भाईंदरची बायको आधी कागदावरून उतरायला हवी होती!

“नुसती कागदावरची फारकत गं, निशी! मंगळसूत्र काढ म्हणतोय का मी?” नीरजने तिचे हात धरले होते. सासरे आत्माराम, म्हणजे घरातले अण्णा, तर मुर्ध्याला मिठागराच्या कडेचा आपला प्लॉट विकून मोकळे झाले होते. “पोराचं नशीब उघडतंय, सूनबाई. सही कर,” ते म्हणाले. निशिगंधाला ना आई-बाप, ना भाऊ. विचारायचं कुणाला? ठाण्याच्या कोर्टात जजसाहेबांनी विचारलं, “कुणाचा दबाव?” पदराआड मंगळसूत्र मुठीत धरून ती म्हणाली, “नाही.” आणि खरंच नव्हता! मायेच्या माणसांनी गळ घातली तर तिला दबाव कोण म्हणतं?

पुढे व्हायचं तेच झालं. कागदावरच्या बायकोला, म्हणजे या पिमला, खरंखुरं मूल झालं. नीरजचे फोन आधी रविवारचे होते, मग सणावारचे झाले, मग त्यालाही सवड मिळेना. निशिगंधाने मीरा रोडच्या एका पतपेढीत नोकरी धरली. अण्णांचा दमा, अनुष्काची शाळा, घराचा हप्ता… सगळं एकटीने ओढलं. कुणी विचारलंच, तर हसून म्हणायची, “हे फॉरेनला असतात ना!” तेवढ्या एका वाक्यावर ती जगत होती बिचारी.

आणि यंदा पिमने हट्ट धरला, नवऱ्याचं घर बघायचं, आजोबांना नातू दाखवायचा! नीरजचा घाबराघुबरा फोन आला. “निशी, तिला कळलं तर माझ्या हाती करवंटी येईल गं! जमीन तिची, हॉटेल तिचं… पोरगाही ती माझ्यापासून तोडेल. अण्णांचा प्लॉटही त्यातच गेलाय. तेवढं सांभाळून घे.” निशिगंधाने मंगळसूत्र उतरवलं आणि तांदळाच्या डब्यात खोल दडवलं. शेजारच्या शहाकाकींनी तिचा मोकळा गळा पाहिला मात्र, “अरे भगवान, ये क्या, बेन?” म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

पाडव्याची जेवणं झाली, तशी पिम उत्साहाने म्हणाली, “उद्या बहीण भावाला ओवाळते ना? विमानातल्या मासिकात वाचलंय मी! उद्या मी फोटो काढणार!”

निशिगंधा उष्टी ताटं उचलून आत गेली… नीरज तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. “निशी, ताटच तर फिरवायचंय गं…”

“अहो,” ती वळली. “कोर्टात सही केली तेव्हाही मी तुमचीच बायको होते. तो कागद माझ्या मनात कधी शिरलाच नाही! पण भाऊबीज… जिने ज्याला ओवाळलं तो तिचा भाऊच झाला हो! तो परत नवरा होत नाही. माझ्याजवळ एवढं एकच उरलंय. तेही मागताय? नीट विचार करून सांगा.”

तेवढ्यात बाहेर पिमचं बाळ रडलं. नीरजने मान वळवली, पुन्हा हिच्याकडे पाहिलं… आणि खालच्या आवाजात म्हणाला, “एवढं निभावून ने.”

कॉटवर अण्णा जागेच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निशिगंधाने ताट भरलं. भाऊ नसल्याने दरवर्षी ती गॅलरीतून, खाडीच्या अंगाला दिसणाऱ्या चंद्राच्या कोरीलाच ओवाळायची. “आई, यंदा चंद्राला नाही ओवाळायचं?” अनुष्काने विचारलं.

“यंदा मामा आलेत ना, राजा.”

काल पिमच्या हातातलं ताट कललं होतं. निशिगंधाचा हात मात्र निश्चल होता. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. ज्या कपाळाकडे बघत तिने अंतरपाट दूर होताना लाजून मान खाली घातली होती, तेच हे कपाळ! “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो…” नीरजचा बांध फुटला. ओंजळीत तोंड लपवून तो हुंदके देऊ लागला. फोटो काढता काढता पिमचेही डोळे भरून आले. केवढं प्रेम हे बहीणभावांचं!

“डोळे पूस, दादा,” निशिगंधा म्हणाली.

लग्न झाल्यापासून ‘अहो’ म्हणणारी ती… आज पहिल्यांदा त्याला एकेरीत बोलली. पिमने निवडलेली रेशमी ओढणी नीरजने ताटात टाकली. तिने ती कपाळाला लावून घेतली.

ताट ठेवायला ती आत गेली, तर अण्णा दाराशी धापा टाकत उभे. त्यांनी हात जोडले. “पोरी… प्लॉट माझा गेला, तो गेला. पण पोराच्या सुखापायी मी तुझा संसार विकला गं! नरकातसुद्धा जागा नाही मला.”

त्यांनी तिला पोरी म्हटलं होतं. इतक्या वर्षांत ‘सूनबाई’खेरीज शब्द नव्हता! तिने त्यांचे जोडलेले हात सोडवले. इतका वेळ अडवून धरलेलं रडू तिथे, त्या म्हाताऱ्या खांद्यावर, मोकळं झालं… मग पदराने तोंड पुसत तिने विचारलं, “अण्णा, पंप घेतलात का?”

निघायच्या दिवशी पिम बाळाला घेऊन खाली टॅक्सीत बसली. काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून नीरज धावत वर आला. “निशी, थोडी वर्षं कळ काढ. मी सगळं सुरळीत करीन. परवाचं ते नाटक होतं गं…” तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने अनुष्काला जवळ ओढलं. “पाहुणे गेले, बेटा. आता बाबा म्हण… एकदा म्हण ना!”

अनुष्का गोंधळली. तिने वळून विचारलं, “आई, खेळ संपला?”

नीरजने वर पाहिलं. त्या डोळ्यांतली याचना निशिगंधाला सोसवेना. एक शब्द… ‘हो’ म्हटलं असतं तर पुन्हा रविवारच्या फोनची वाट, पुन्हा तेच ‘फॉरेनला असतात’… दारात अण्णा काठी घट्ट धरून उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

“तो खेळ नव्हता, बाळा,” निशिगंधा म्हणाली. “मामा निघालेत. नमस्कार कर त्यांना.”

अनुष्काने वाकून नमस्कार केला. नीरज जिना उतरून गेला. खाली टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला.

निशिगंधा आत गेली. जेवणवेळ होत आली होती. तिने तांदळाचा डबा उघडला, हात घातला, तर काळे मणी बोटांना लागले. तिने ते बाजूला सारले आणि तिघांपुरते तांदूळ काढून घेतले.