परतीच्या ओवीतलं चौथं नाव

महिपतीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बारामतीत भिगवण रस्त्यावर होतं. मागच्या खोलीत भिंतींना घोंगड्या ठोकून त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या माघात तिथं अंथुर्ण्याची विजयमाला बसली आणि उन्हाळ्याची सात गाणी एका बैठकीत गायली. चुकली नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. ऐकणाऱ्या महिपतीलाच तहान लागली.

पुण्याच्या एका कॅसेट कंपनीवाल्यानं तिला फिल्मी चालीवर गा म्हणून सांगितलं होतं. त्या माणसाला कान नव्हते, नुसता गल्ला होता. "मग तुमीच गा," म्हणून ती उठून आली. गाण्यापायी नवरा सोडलेली बाई ती, कंपनीला काय भीक घालणार? आपली कॅसेट आपण काढायची, चैत्रात निमगाव केतकीच्या बाजारात मांडायची, असं तिनं ठरवून टाकलं.

आठवं गाणं परतीची ओवी. कोकणात मेंढरं घेऊन गेलेली माणसं जेठात परततात, तेव्हा घरची बाई उंबऱ्यात उभी राहून एकेकाचं नाव ओवीत घेते. ज्याचं नाव, तो "आलो" म्हणतो आणि मगच आत पाऊल टाकतो. विजयमालाचे चारही भाऊ तेव्हा कोकणात होते.

"म्होरं कुणी उभं नसताना नाव घिऊ नगं," कोपऱ्यातून तिची आई साखरबाई म्हणाली.

"आये, ही टेप हाय. दार न्हाय."

ती गायली. प्रत्येक नावानंतर जागा मोकळी सोडली. तिथं महिपती मागाहून ढोल भरणार होता.

त्यानं टेप मागं फिरवून लावली.

अप्पा. "आलो."

बापू. "आलो."

युवराज. "आलो."

मल्हार. नुसती खरखर.

भुताखेतांच्या गोष्टींचा महिपतीला तिटकारा होता. जुना आवाज पुसला गेला नसेल म्हणून त्यानं कोरी टेप फोडली. माईकची वायर बदलली. तिला पुन्हा गायला लावलं. तीन आवाज, शेवटी खरखर.

"मल्हार लहानपणापास्नं आळशीच," साखरबाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

"तारीख फुडं घ्या," विजयमाला म्हणाली. "जेठात. समद्यांना उंबऱ्याम्होरं उभं करून गाते. त्याचा आवाज आल्याबिगर ही कॅसेट निघायची न्हाय."

"गावभर सांगून ठेवलंय. लोक हसतील की," महिपती म्हणाला.

"हसू द्या. लोकांना इचारून गाते व्हय मी?"

छापून आलेल्या पाचशे कव्हरांवरचा 'चैत्र' तिनं तिथंच बसून पेनानं खोडला. एकही कव्हर सोडलं नाही. महिपती बघतच राहिला.

जेठात निरोप आला: मेंढरं आली. दुपारच्या एसटीनं महिपती रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन अंथुर्ण्याला उतरला. अंगणात लोकरीचा उग्र वास. चौघं भाऊ दारासमोर रांगेत उभे. शेवटी मल्हार, उन्हानं रापलेला, हसरा. महिपतीला एवढं हायसं वाटलं की त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली.

बाकीचे तिघं मात्र मल्हारकडं बघत नव्हते.

विजयमालानं ओवी धरली. माघापेक्षा आवाज खोल लागला होता.

"आलो," अप्पा म्हणाला. मशीनच्या काचेतला, आवाज मोजणारा काटा उडाला. बापूला उडाला. युवराजला उडाला.

मल्हारचं नाव तिनं लांबवलं.

"आलो गं आक्का!"

केवढ्यानं तरी ओरडला. साखरबाईनं पदर डोळ्यांना लावला.

काटा शून्यावर होता.

विजयमालाही काट्याकडंच बघत होती.

तिनं गाणं तोडलं नाही. शेवटची ओळ पुरी केली, सूर जागच्या जागी ठेवला. मग बाजूला सरून मल्हारला वाट दिली.

"तारीख फुडं घ्या," ती हळूच म्हणाली.

"कुठवर?"

"जेवू तर द्या त्याला."

"आक्का, भाकरी वाढ की!" आतून मल्हारची हाक आली.

मशीन चालूच होतं. त्या हाकेलाही काटा पडलेलाच.

"आले रं," विजयमाला म्हणाली. तेवढ्यालाच काटा उडाला.